घराचाही ताळेबंद मांडा

सप्टेंबर महिन्यात गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. अहवालाची छापील पुस्तिका सभासदांच्या हाती पडते. तिच्यात एका बाजूला भांडवल व देणी, दुसऱ्या बाजूला जिंदगी व येणी, असा ताळेबंद असतो. गावातली जाणती माणसे ते पान उलटसुलट करून पाहतात. चहापाण्याचा खर्च एवढा कसा झाला, सादिलवार म्हणजे नेमके काय, फर्निचरवर घसारा का धरला नाही, असे प्रश्न होतात. कधी आवाजही चढतो. हे चांगलेच आहे. संस्था आपली आहे आणि तिचा हिशेब मागण्याचा सभासदाला हक्क आहे.

पण सभेहून घरी परतलेल्या याच सभासदाला विचारा, "तुमच्या घरची जिंदगी किती आणि देणं किती?" तो जरा थांबतो. मग उत्तर येते, "असंल की दोन-अडीच लाख." दोन आणि अडीच यांत पन्नास हजारांचे अंतर आहे. सोसायटीच्या चहाच्या बिलात पाचशे रुपयांचा फरक सापडला तर जो माणूस उभा राहतो, तोच आपल्या घराच्या हिशेबात पन्नास हजार असे सहज सोडून देतो.

आपल्याकडे हिशेबाचे दिवस ठरलेले आहेत. व्यापारी दिवाळीत चोपडीपूजन करतो आणि जुनी खतावणी मिटवतो. सोसायटी आणि बँक मार्चअखेर पाहते. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल संपते, त्याची उचल वजा होते, नवे साल ठरते. म्हणजे शेतकऱ्याशी ज्यांचा ज्यांचा व्यवहार आहे, त्या प्रत्येकाच्या हिशेबाला दिवस आहे. फक्त शेतकऱ्याच्या स्वतःच्या घराला नाही. या लेखात आम्हाला एवढेच सुचवायचे आहे की, हा दिवस ठरवा, वर्षातून एकदा एका पानावर घराचा ताळेबंद मांडा, आणि नुसत्या कर्जाच्या आकड्याकडे न पाहता जिंदगीतून देणे वजा जाता काय उरते त्याकडे पाहा. जिल्हा बँकेच्या अहवालात याला नक्त मूल्य म्हणतात. आपण सोपे नाव ठेवू, 'निव्वळ शिल्लक'.

ही कारकुनी कशाला, असे कोणी म्हणेल. तिची गरज कधी कळते ते सांगतो. घरचा कर्ता माणूस अचानक जातो. अपघात असतो, हार्टचा झटका असतो, किंवा त्याहून वाईट काही. दहावे-तेरावे होते न होते तोच एकेक जण ओट्यावर येऊन बसतो. एक म्हणतो, दादांकडे माझे चाळीस हजार होते. दुसरा म्हणतो, खताची उधारी राहिली. तिसऱ्याच्या हातात चिठ्ठी असते, तिच्यावर आकडा असतो आणि तारीख नसते. घरातल्या बाईला यातले काही ठाऊक नसते, कारण तिला कधी कोणी सांगितलेलेच नसते. तिला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणण्याइतका कागदही हाती नसतो. मेलेल्या माणसाचे देणे बुडवू नये म्हणून ती खरे-खोटे सगळेच कबूल करते. कर्त्याने कोणाला पैसे दिलेले असतात ते येणे मात्र कोणी आपण होऊन आणून देत नाही. अशी घरे प्रत्येक गावात आहेत. वाचकांना आम्ही नावे सांगण्याची गरज नाही.

हिशेब दुसऱ्याच्या चोपडीत ठेवण्याची किंमत मराठी मुलखाने पूर्वी मोजलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. त्या दंग्यात लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. कारण आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, याचा एकमेव पुरावा सावकाराच्या पेटीत होता. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जदार शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. त्यातही परवानाधारक सावकाराने पावती आणि हिशेबाचा उतारा देणे बंधनकारक आहे. म्हणजे आपला हिशेब आपल्या हाती असावा ही गोष्ट कायद्याने कधीच मान्य केली आहे. आपण ती वापरत नाही.

आता आजचे चित्र पाहू. केंद्र सरकारच्या नमुना पाहणीनुसार २०१९ मध्ये देशातली ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जात होती आणि दर कुटुंबामागे सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज होते. महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये होते. एकूण कर्जापैकी शेतीच्या कामासाठी घेतलेला भाग ५७.५ टक्के होता. बाकीचे लग्न, दवाखाना, घर, शिक्षण यांत गेले. हे आकडे वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. त्याच काळातली दुसरी एक पाहणी कर्जाबरोबर मालमत्ताही मोजते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्यानुसार ३० जून २०१८ रोजी देशातल्या ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता सुमारे १५ लाख ९२ हजारांची होती आणि सरासरी कर्ज ५९,७४८ रुपये.

हे वाचून वाटेल की, मग चिंता कसली? सोळा लाखांची जिंदगी आणि साठ हजारांचे देणे! पण त्या मालमत्तेतला ६९ टक्के भाग जमिनीचा होता आणि २२ टक्के घर-इमारतींचा. शंभरातले एक्याण्णव रुपये असे की, जे मोडता येत नाहीत आणि मोडले तर उपजीविका किंवा छप्पर जाते. उरलेल्या नऊ रुपयांतच जनावरे, अवजारे आणि बँकेतली शिल्लक आली. अडीनडीला उपयोगी पडते ते हे नऊ रुपये, आणि झीज होते तीही यांचीच.

म्हणून घराचा ताळेबंद मांडताना पहिला नियम असा. जमीन आणि सोने रुपयांत लिहू नका. जमीन एकर-गुंठ्यांत लिहा, सोने तोळ्यांत लिहा आणि घर 'राहते घर' एवढेच लिहा. रस्ता आला म्हणून जमिनीचा भाव दुप्पट झाला किंवा सराफाकडे सोने चढले, तर त्यात आपली कमाई काही नाही. तो भाव बेरजेत धरला की बेरीज फुगते आणि खरी झीज तिच्याखाली झाकली जाते. एकर तेवढेच राहिले का आणि तोळे तेवढेच राहिले का, एवढे दर वर्षी पाहिले तरी पुरे. ते कमी झाले असतील तर का, हे शेजारी लिहावे.

बाकीची जिंदगी रुपयांत लिहावी. जनावरे आजच्या बाजारात जेवढ्याला जातील तेवढी धरावी. मोटर, पाइप, फवारणी पंप, ट्रॅक्टर यांची किंमत घेतानाची नव्हे, आज विकली तर येईल तेवढी. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे कटाक्षाने करावे. हप्ते राहिले सहा लाख आणि ट्रॅक्टरची आजची किंमत पाच लाख, अशी गत असेल तर दारातले ते यंत्र एक लाखाने उणे आहे, हे त्या पानावर दिसले पाहिजे. घरात साठवलेले धान्य, बँकेतली व पोस्टातली शिल्लक, बचत गटातली बचत, कर्जातून कापून घेतलेली सोसायटीच्या शेअर्सची रक्कम, डेअरीकडची ठेव आणि लोकांकडून येणे असलेले पैसे, हेही लिहावे. येण्यापैकी जे येण्याची आशा नाही ते खोडून टाकावे.

काय धरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. उभे पीक धरू नये. ते काट्यावर चढून पट्टी हाती येईपर्यंत आपले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काढणीला आलेल्या सोयाबीनचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. विम्याची न मिळालेली भरपाई, जाहीर झालेले पण खात्यात न पडलेले अनुदान, होईल-होईल म्हणतात ती कर्जमाफी आणि मुलाला लागेल ती नोकरी, यांतले काहीही जिंदगीत लिहू नये.

देण्याच्या बाजूला सगळे यावे. सोसायटीचे पीककर्ज व्याजासह, बँकेचे मध्यम मुदतीचे कर्ज, सोनेतारण, कारभारणीच्या नावावरचे गटाचे व मायक्रो फायनान्सचे हप्ते, कृषी सेवा केंद्राची उधारी, आडत्याकडून घेतलेली उचल, पाहुण्यांचे हातउसने, खासगी सावकाराचे. लाजेखातर एकही नाव गाळू नये, कारण हे पान चावडीवर लावायचे नाही. आणि सर्वांत खाली एक वेगळी ओळ असावी, ती जामीनकीची. कोणाच्या कर्जाला सही दिली आहे, किती रकमेला, कोणत्या संस्थेत. मित्राने हप्ता चुकवला की नोटीस आपल्या दारी येते, तेव्हा ती सही आठवते.

प्रत्येक देण्यापुढे वर्षाचा व्याजदर लिहावा. इथेच बहुतेकांची फसगत होते. 'शेकडा तीन' ऐकायला तीनच वाटतात, पण ते महिन्याचे असतात. वर्षाचे छत्तीस टक्के झाले. उधारीच्या खतालाही व्याज असते, फक्त ते दिसत नाही. समजा, रोखीने बाराशेला मिळणारे पोते उधारीत तेराशेला पडले आणि पैसे पाच महिन्यांनी दिले. बाराशेवर पाच महिन्यांचे शंभर रुपये, म्हणजे वर्षाला वीस टक्के. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत कर्जाचे मुख्य तपशील आणि सर्व खर्चांसह वार्षिक दर लेखी द्यावा लागतो. तो कागद मागून घ्यावा.

आता एक हिशेब करून पाहू. एक कोरडवाहू कुटुंब धरू. पाच एकर जमीन, राहते घर आणि तीन तोळे सोने. मागच्या पाडव्याला या घराची बाकीची जिंदगी अशी होती, जनावरे १,६०,०००, मोटर-पाइप ४०,०००, धान्य ३०,०००, रोख व बँक १५,०००, शेअर्स व गटाची बचत २०,०००, येणे १०,०००. एकूण २,७५,०००. देणे असे, सोसायटी १,५०,०००, खासगी सावकार १,००,०००, मायक्रो फायनान्स ४५,०००, कृषी केंद्र ३५,०००, हातउसने २०,०००. एकूण ३,५०,०००. म्हणजे जमीन, घर आणि सोने सोडून हे घर ७५,००० रुपयांनी उणे होते.

या वर्षी घरधनी मोकळा श्वास घेऊन सांगतो, "सावकाराचे चाळीस हजार उतरवले बघा." खोटे नाही. एक लाखाचे साठ हजार झाले. पण पान पुढे वाचू. सोसायटीत नवे-जुने झाले, मर्यादा वाढून मिळाली, कर्ज १,६०,००० झाले. गटाकडून आणखी एक उचल झाली, ते ७०,००० झाले. कृषी केंद्राचे ४०,०००. हातउसने तेवढेच. बेरीज पुन्हा ३,५०,०००. देणे एका रुपयाने कमी झाले नाही, ते फक्त एका दारातून दुसऱ्या दारात गेले.

जिंदगीकडे पाहिले तर अधिक वाईट आहे. बैलजोडी सत्तर हजारांना गेली. त्यातले छत्तीस हजार सावकाराच्या वर्षाच्या व्याजात गेले, उरलेल्यात घरचे सहा हजार घालून मुद्दल चाळीस हजार भरले. जनावरे आता ९०,००० ची, मोटर जुनी झाली म्हणून ३५,०००, रोख १०,०००, बाकी पूर्वीसारखे. एकूण १,९५,०००. देणे वजा जाता घर १,५५,००० रुपयांनी उणे. चाळीस हजार फेडल्याचा आनंद झाला त्या वर्षात हे घर ऐंशी हजारांनी खाली गेले, आणि पुढच्या पेरणीला दावणीला बैलही नाहीत. नुसते सावकाराचे खाते पाहिले असते तर यातले काहीच दिसले नसते.

आता शेजारचे घर पाहा. त्याने बँकेकडून ९०,००० काढून म्हैस घेतली. गावाने म्हटले, आधीच कर्ज आणि वर आणखी कर्ज. वर्षभरात ढेप-चारा भागवून दुधातून व्याज आणि मुद्दलातले ४०,००० भरले गेले. कर्ज उरले ५०,०००, म्हशीची किंमत आज ८०,०००. म्हणजे कर्ज पन्नास हजारांनी वाढले आणि तरी निव्वळ शिल्लक तीस हजारांनी सुधारली. अर्थात म्हैस आटली किंवा दगावली तर हाच हिशेब उलटा होतो, म्हणून तिचा विमा हवा. पण मुद्दा लक्षात यावा. कर्ज वाढले म्हणजे घर बुडाले असे नाही, आणि कर्ज उतरले म्हणजे घर सावरले असेही नाही. ते कशाच्या मोबदल्यात वाढले किंवा उतरले, हे पाहावे लागते.

पान समोर असले की पुढचा प्रश्न आपोआप सुटू लागतो, आधी कोणाचे फेडायचे? आपल्याकडे जो मोठ्याने ओरडतो त्याचे आधी फेडतात. फायनान्सचा माणूस दर महिन्याला येऊन बसतो म्हणून त्याचा हप्ता जातो, सोसायटीचा सचिव गावचाच म्हणून तो थांबतो. वास्तविक सोसायटीचे पीककर्ज हे सर्वांत स्वस्त. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून शून्य टक्के व्याज, अशी तरतूद राज्याने २०२१ पासून केली. ही मुदत चुकली की सवलत जाते, माणूस थकबाकीदार होतो, नवे पीककर्ज मिळत नाही आणि पेरणीच्या तोंडावर पाय पुन्हा शेकडा तीनवाल्याकडे वळतात. तेव्हा सोसायटीची मुदत सांभाळावी, आणि वर जो पैसा मोकळा होईल तो सर्वांत जास्त दराच्या कर्जात घालावा.

वरच्या घराचे सावकाराकडे साठ हजार राहिले. त्याचे वर्षाचे व्याज २१,६०० रुपये. घरात तीन तोळे सोने आहे. त्यातले काही बँकेत तारण ठेवून साठ हजार काढले आणि दर बारा टक्के धरला, तरी व्याज ७,२०० होते. कर्जाचा आकडा तोच, पण वर्षाला १४,४०० रुपये घरात राहतात. हे करताना एक पथ्य आहे. सोने बाईचे आहे, तिला विचारून आणि कागद तिच्या हाती देऊन करावे. आणि सोडवायची तारीख त्याच पानावर लिहावी, नाही तर व्याज तुंबून डाग लिलावात जातो.

ज्यांचे कर्ज विनापरवाना सावकाराकडे आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून किती व्याज घ्यावे हे शासनाने २०१४ मध्ये ठरवले, तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्के. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे डीडीआर साहेबांकडे, अर्ज करता येतो आणि चौकशीअंती जमीन परत मिळू शकते. पण तेथेही पहिला प्रश्न हाच येतो, घेतले किती, दिले किती, कधी? ज्याने तारीखवार लिहून ठेवले आहे त्याची बाजू उभी राहते. ज्याने सगळे तोंडी ठेवले त्याला हात हलवत परत यावे लागते.

कर्जमाफीबद्दल दोन शब्द. २००८ मध्ये केंद्राने, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने कर्जमाफी केली. २०१७ ची मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ ची दोन लाखांची. त्या त्या वेळी अनेक घरांना तिने खरोखर उभे केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या पानावर बोट ठेवून पाहा. माफी येते तेव्हा ती बँक-सोसायटीच्या ओळीवर येते. सावकार, उधारी, हातउसने आणि फायनान्सचे हप्ते या ओळी तशाच राहतात, आणि सर्वांत जास्त व्याज त्याच ओळींवर असते. माफी मिळेल या आशेने सोसायटी थकवणारा माणूस शून्य टक्क्याचे कर्ज सोडून छत्तीस टक्क्यांचे पत्करतो. माफीची मागणी जरूर करावी, तो वेगळा लढा आहे. पण घराचे पान तिच्या भरवशावर कोरे ठेवू नये.

कोणी म्हणेल, "वहीत लिहून पाऊस पडतो का, का सोयाबीनला भाव मिळतो?" प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्याहून कमी भावाने माल घातला. याला शेतकऱ्याची वही जबाबदार नाही. चोख हिशेब ठेवणारे घरही दोन वर्षे ओळीने अतिवृष्टी झाली तर खाली जाईल. फरक एवढाच की ते खाली जाताना दिसेल, आणि दिसले तर बैल विकण्याआधी, व्याजाचे व्याज होण्याआधी हात हलवता येईल. शिवाय आमचे घर या पाच वर्षांत इतक्या रुपयांनी खाली गेले, भाव नव्हता म्हणून इतके आणि पावसाने इतके, असे दहा-वीस शेतकरी कागदावर दाखवू लागले, तर भावाच्या मागणीलाही वजन येईल. आज ती मागणी आपण तोंडानेच करतो.

यात गावच्या कारभाऱ्यांचेही काम आहे. गटसचिवांनी मार्चअखेर प्रत्येक सभासदाला न मागता त्याच्या खात्याचा एक पानी उतारा द्यावा. त्यात मुद्दल, व्याज, मुदत आणि शेअर्सची रक्कम असावी. बुकातला आकडा सभासदाला माहीतच नसणे, हे संस्थेलाही शोभत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेने बेबाकी दाखला लवकर द्यावा आणि तलाठी भाऊसाहेबांनी सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा हेलपाटे न घालायला लावता उतरवावा. फिटलेले कर्ज सातबाऱ्यावर तसेच राहिल्याने दुसरीकडे कर्ज नाकारल्याची तक्रार अजूनही ऐकू येते. ग्रामपंचायतीने पाडव्याच्या आधी एक संध्याकाळ ठेवावी, कोऱ्या पानांचा नमुना वाटावा. कोणाचाही आकडा मात्र जाहीर विचारू नये. आणि शिकवायला बाहेरून साहेब बोलावण्याची गरज नाही. बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित हिशेब लेखन हे एक सूत्र आहेच. गटाची वही बिनचूक ठेवणाऱ्या बाया प्रत्येक वस्तीवर आहेत. त्यांना पुढे करावे.

घरातही तसेच व्हावे. पान मांडताना नवरा-बायको दोघांनी बसावे, कळती मुले असतील तर त्यांनाही बसवावे. पहिल्या वर्षी भांडण होईल. काही देणी बाईला नव्याने कळतील, काही बचत पुरुषाला नव्याने कळेल. होऊ द्यावे. तेराव्याला ओट्यावर कळण्यापेक्षा पाडव्याला माजघरात कळलेले बरे. आणि ज्या माणसाने चार वर्षे एकट्याने आकडा छातीत दाबून ठेवला आहे, त्याचे ओझे त्या दिवशी अर्धे घर उचलेल. आकडा उणे निघाला म्हणून खचू नये. कितीतरी चांगल्या कष्टाळू घरांचा तो उणेच निघेल. पुढच्या पाडव्याला तो किती कमी उणे झाला, तेवढे पाहावे.

दोनशे पानी वही साठ-सत्तर रुपयांना मिळते. डाव्या बाजूला जिंदगी, उजव्या बाजूला देणे, खाली निव्वळ शिल्लक, त्याखाली जामीनकी, तारीख आणि दोघांच्या सह्या. वही देव्हाऱ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीवर, पण दोघांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. सोसायटीच्या पुढच्या सभेत ताळेबंदावर जरूर प्रश्न विचारा. मात्र जाण्याआधी आपले पान पुरे झालेले असू द्या.